गोषवाऱ्यातली मावशी

नवजात बाळांच्या कक्षातल्या त्या सिस्टरना सगळे पाठीमागे ‘रेडिओ’ म्हणायचे, आणि ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी कधी मनाला लावून घेतलं नाही. हात इतका हलका की अंघोळ घालताना बाळाला पत्ता लागायचा नाही, पण साधी गोष्ट सांगायची झाली तरी मुळापासून सुरुवात. “आज उशीर का झाला?” एवढंच कोणी विचारलं, तर आदल्या दिवशी नवऱ्याने छत्री कुठे ठेवली इथून गाडी सुटायची, आणि बस चुकल्याचा प्रसंग येईपर्यंत विचारणारा दुसऱ्या मजल्यावर पोहोचलेला असायचा.

अशा बाईंवर अडीचशे शब्दांत काहीतरी लिहायची वेळ आली.

झालं होतं असं. नव्या बाळाची कावीळ किंवा साखर तपासायची, तर टाचेला बारीक सुई टोचून चार थेंब रक्त घेतात. पाऊल गार असलं की रक्त येत नाही. मग दाबा, पिळा, पुन्हा टोचा, आणि बाळ सगळा कक्ष डोक्यावर घेतं. दीड वर्षापूर्वी एका सकाळी असंच एक तीन दिवसांचं बाळ हातपाय झाडत होतं, त्याची आई दाराशी डोळे पुसत होती, आणि थेंब काही येत नव्हता. कक्षातल्या मावशी शेजारच्या पाळण्यातली चादर बदलत होत्या. कक्षात येऊन त्यांना तीस वर्षं होत आली होती, म्हणजे तिथल्या कोणाहीपेक्षा जास्त. त्यांनी हातातली चादर खांद्यावर टाकली, “थांबा जरा” म्हणाल्या, आणि कोमट पाण्यात पिळलेलं फडकं बाळाच्या पावलाला गुंडाळून उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “आता टोचा.” एका टोचणीत रक्त आलं. बाळ रडलं, पण जेमतेम.

ते फडकं सिस्टरच्या डोक्यात बसलं. त्यांनी बालरोगाच्या डॉक्टरांना गाठलं. डॉक्टर म्हणजे चाळिशीच्या आतल्या, नेटक्या, मोजकं बोलणाऱ्या बाई. सिस्टरचं सगळं ऐकून घ्यायला त्यांना पाऊण तास लागला, पण त्यांनी ऐकलं, आणि म्हणाल्या, “मग मोजूनच बघू या की.”

रुग्णालयाच्या समितीची परवानगी आली. आईवडिलांच्या सह्या घेतल्या. एकशे वीस बाळं. बंद पाकिटातून चिठ्ठी काढायची. साठ जणांचं पाऊल पाच मिनिटं कोमट फडक्यात, साठ जणांचं नेहमीसारखं. टोचल्यापासून बाळ गप्प होईपर्यंतचे सेकंद घड्याळावर मोजायचे आणि वहीत लिहायचे. चौदा महिने हे चाललं. वहीचे रकाने सिस्टरनीच आखले होते, त्यामुळे ते नको इतके होते. बाळाचं वजन आणि वय तर होतंच. शिवाय पंखा चालू होता का, आई जवळ होती का, फडकं कोणी गुंडाळलं, बाळ आधीपासून कुरकुरत होतं का, असे सतरा रकाने.

“पंख्याचा रकाना कशाला, सिस्टर?” डॉक्टरांनी विचारलं होतं.

“असू द्या हो मॅडम. लागला तर लागला. खातोय थोडाच?”

शेवटी एकोणीस पानांचा निबंध तयार झाला. पाऊल शेकलेली बाळं सरासरी एकेचाळीस सेकंद रडली, न शेकलेली त्र्याहत्तर. सगळे खूश झाले. एका मोठ्या वैद्यकीय परिषदेला तो पाठवायचा ठरला, आणि परिषदेचा नियम असा की आधी गोषवारा पाठवा. अडीचशे शब्द, एकही जास्त नाही. गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता अर्जांची खिडकी बंद.

मंगळवारी दुपारी सिस्टरनी आपला गोषवारा डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी वाचायला घेतला. पहिलं पान उलटलं. दुसरं उलटलं.

“किती शब्द आहेत?”

“आठशे अकरा,” सिस्टर म्हणाल्या. “पण मॅडम, हे अगदी आवरून लिहिलंय.”

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. त्या हसत होत्या की रडत, ते पटकन कळेना. “सिस्टर, हा गोषवारा आहे की पुराण? मावशींनी चादर कुठल्या खांद्यावर टाकली तेसुद्धा आहे यात.”

“डाव्या.”

“वाचलं मी. हे बघा, परिषदेत असे हजार कागद येणार. वाचणारा माणूस दमलेला. त्याला चार गोष्टी हव्यात. का केलं, कसं केलं, काय मिळालं, त्यातून काय निघतं. बास. तुम्हीच लिहायचंय हां, मी लिहून देणार नाही. काम तुमचं आहे, तुमच्याच तोंडचं यायला हवं.”

सिस्टर कागद घेऊन घरी आल्या त्या तोंड पाडूनच. जेवणं आटोपल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातलं टेबल पुसलं, कागद पसरले, आणि एक वाक्य खोडून त्या जागी दोन लिहिली. नवऱ्याने एकदा आत डोकावून रागरंग पाहिला आणि टीव्हीचा आवाज कमी करून तो तिकडेच बसला. सासूबाई मात्र आपली खुर्ची ओढून समोर आल्या. त्यांना ऐंशी पुरी झाली होती. उभी नोकरी तारघरात झालेली. सदतीस वर्षं लोकांच्या तारा घेतल्या आणि पाठवल्या. घरात त्यांचं बोलणंही तसंच, म्हणजे कामापुरतं. सून घरात आली तेव्हा शेजारपाजाऱ्यांनी या दोघींचं काही जमणार नाही असं ठरवून टाकलं होतं. पण एकीला बोलायचं होतं आणि दुसरीला ऐकायला आवडत होतं, त्यामुळे एकवीस वर्षं छान चाललं होतं.

“आण इकडे,” सासूबाई म्हणाल्या. “पेन्सिल दे. लाल नको, साधी.”

त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि पेन्सिल चालायला लागली. पहिला परिच्छेद गेला. दुसऱ्यातलं एक वाक्य उरलं. सिस्टर “अहो आई, ते राहू द्या ना” म्हणेपर्यंत तेही गेलं.

“माणसं खिडकीशी येऊन रडायची,” सासूबाई खोडता खोडता म्हणाल्या, “आणि पान भरून लिहून आणायची. मी विचारायची, कोण? कुठे? कधी? आणि समोरच्याने काय करायचं? बाकीचं भेटल्यावर बोला म्हणायची. कोणाचंही कधी काही अडलं नाही.” त्यांनी कागदाच्या तळाशी आपल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं आणि कागद फिरवून सुनेपुढे सरकवला.

‘कोमट फडक्याने पाय शेकला. बाळ कमी रडलं.’

“सात शब्द,” सासूबाई म्हणाल्या. “अजून दोनशे त्रेचाळीस आहेत तुझ्याकडे. उधळ.”

सिस्टरना हसू फुटलं. चौदा महिने आणि एकोणीस पानं, आणि ते सगळं त्या सात शब्दांत बसलं होतं खरं. मग दोघींनी मिळून उलट्या बाजूने सुरुवात केली, सातावर एकेक शब्द चढवत.

“कमी म्हणजे किती कमी?”

“पुष्कळ.”

“‘पुष्कळ’ तारेत चालत नाही. आकडा सांग.”

“सरासरी एकेचाळीस सेकंद. नाहीतर त्र्याहत्तर.”

“सगळीच बाळं एकेचाळीस?”

“नाही हो, कोणी वीस, कोणी सत्तर. सरासरी म्हटलं ना मी.”

“बघू दे.”

सिस्टरनी पिशवीतून वहीची झेरॉक्स काढली. सासूबाईंनी भिंग घेतलं आणि एकेक ओळ खालीपर्यंत बोट फिरवत पाहिली. आयुष्यभर आकडे आणि खुणा वाचलेली नजर ती. तिसऱ्या पानावर बोट थांबलं.

“ही ‘मा’ कोण?”

“मावशी. फडकं कोणी गुंडाळलं त्याचा रकाना आहे तो. ‘मा’ म्हणजे मावशी, ‘इ’ म्हणजे इतर.”

“जिथे ‘मा’ आहे तिथे आकडा लहान आहे,” सासूबाई म्हणाल्या.

सिस्टरनी कागद ओढून घेतला. मग गणकयंत्र आणलं. सासूबाईंनी आकडे वाचले, सिस्टरनी दाबले. फडकं गुंडाळलेल्या साठ बाळांपैकी सदतीस मावशींच्या वाट्याची होती. ती सरासरी एकोणतीस सेकंद रडली होती. इतरांच्या हातची तेवीस होती. ती साठ सेकंद रडली होती.

साठ! फडकं अजिबात न लावलेली बाळं त्र्याहत्तर सेकंद रडत होती. म्हणजे फडक्याने पडलेला फरक जेमतेम तेरा सेकंदांचा. बाकीचा फरक मावशींचा होता.

सिस्टर गप्प बसल्या. टीव्हीपाशी बसलेल्या नवऱ्याने ती शांतता ऐकून काळजीने विचारलं, “काय झालं गं?”

“काही नाही,” त्या म्हणाल्या. सगळीकडे सांगत फिरल्या होत्या की फडकं लावा, फडकं लावा. आणि हे आकडे वहीत पहिल्या महिन्यापासून पडून होते. त्यांनीच लिहिलेले. त्यांनीच पाहिले नव्हते.

“आता?” सासूबाईंनी विचारलं.

“आता उद्या जाऊन बघते, मावशी करतात तरी काय.”

बुधवारी सकाळी कक्षात पाच बाळांच्या टाचा टोचायच्या होत्या. अभ्यास संपला होता, पण फडक्याची पद्धत आता सगळ्यांनीच उचलली होती. सिस्टर औषधांच्या कपाटापाशी उभ्या राहिल्या, हातात उगाचच एक यादी धरून, आणि पाहत राहिल्या. पहिल्या बाळाला एका नव्या परिचारिकेने फडकं गुंडाळलं. पाच मिनिटं झाली. फडकं काढलं, बाजूच्या बादलीत टाकलं. हातमोजे घातले. सुईचं पाकीट फोडलं. टाच पुसली. रक्त घ्यायची नळी सापडेना, ती शोधली. तोवर ते एवढंसं पाऊल उघड्यावर, ओलसर, हवेत लाथा मारत होतं. मग टोचलं. बाळाने सूर लावला.

दुसरं बाळ मावशींच्या वाट्याला आलं. फडकं, पाच मिनिटं, फडकं काढलं. इथवर सगळं तेच. पण फडकं काढता काढता मावशींनी कोरड्या हाताने ते पाऊल मुठीत घेतलं आणि मूठ सोडलीच नाही. परिचारिकेची सुई तयार होईपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या, अंगठा तळव्यावर हळूहळू फिरवत, दुसरीकडेच कुठेतरी बघत. सुई आली तेव्हा त्यांनी मूठ टाचेपुरती उघडली. टोचून झालं तरी बोटं पायाभोवतीच होती. बाळ कुरकुरलं आणि थांबलं.

दीड वर्षापूर्वीच्या त्या सकाळी हेच घडलं असणार. सिस्टरनी फडकं पाहिलं होतं. हात पाहिला नव्हता.

कपड्यांच्या खोलीत, घडी केलेल्या दुपट्यांच्या मांडणीपाशी, त्यांनी मावशींना गाठलं. “मावशी, एक विचारू? फडकं काढल्यावर तुम्ही पाय हातात धरता. नेहमीच धरता?”

मावशींच्या हातातलं दुपटं तसंच राहिलं. चेहरा उतरला. “माझं चुकलं का, सिस्टर?”

“अहो नाही...”

“तुम्ही कागदावर लिहून सांगितलं होतं ना. फडकं काढा आणि बाजूला व्हा. पहिल्याच दिवशी वाचून दाखवलं होतं. मी ‘हो’ म्हटलं होतं.” त्यांनी दुपटं खाली ठेवलं. “पण मी बाजूला नाही झाले. कशी होणार? गरम केलेला पाय असा उघडा टाकायचा? दोन-तीनदा ठरवलं तुमच्या सांगण्यासारखं करायचं. जीव होईना. मग म्हटलं, कोणाला कळतंय. चौदा महिने माझ्या मनात होतं हे. तुमचा एवढा अभ्यास, आणि मी त्यात घोळ घातला.”

अभ्यासाच्या नियमाप्रमाणे तो घोळच होता, हे खरं. आणि त्या घोळातूनच अभ्यासातली सगळ्यात मोठी गोष्ट हाती लागली होती, हेही खरं.

“मावशी,” सिस्टर म्हणाल्या, “तुमची बाळं बाकीच्यांच्या निम्म्याहून कमी रडली. आकडे आहेत माझ्याकडे. फडक्यापेक्षा तुमचा हात मोठा निघाला.”

मावशींनी आपले हात पाहिले, साबणाने पांढरे पडलेले, नखं आखूड. “हातात काय आहे?” त्या म्हणाल्या. “पाय गार होऊ द्यायचा नाही, एवढंच.”

“तेवढंच लिहायचं राहिलं होतं. पण एक अडचण आहे. हे लिहायचं तर खरं लिहावं लागेल. ठरल्यापेक्षा वेगळं केलं गेलं, असं. कोणी बोट दाखवलं तर तुमच्याकडे दाखवतील. तुम्ही नको म्हणालात तर मी काहीतरी वेगळा मार्ग काढते.”

मावशींनी दोन-तीन दुपट्यांच्या घड्या सारख्या केल्या. “वेगळा मार्ग म्हणजे झाकून ठेवायचं?”

“हो.”

“मग दुसऱ्या दवाखान्यात नुसतं फडकं लावतील आणि पोरं रडतीलच.”

“थोडी कमी रडतील.”

“लिहा,” मावशी म्हणाल्या. “माझी नोकरीची तीनच वर्षं राहिलीत. कोण काय करणार मला?”

सिस्टर तडक डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी आकड्यांचा कागद पुढे ठेवला आणि, बावीस वर्षांच्या नोकरीत बहुधा पहिल्यांदाच, सगळं पाच वाक्यांत सांगितलं. डॉक्टरांनी आकड्यांवरून बोट फिरवून ते पुन्हा तपासले. त्यांचाही चेहरा पडलाच. सुबक निकाल होता, एका ओळीत सांगता येईल असा, आणि आता त्याला शेपूट फुटलं होतं.

“परिषदवाले म्हणतील, तुमच्या अभ्यासात शिस्त नाही,” त्या म्हणाल्या.

“म्हणतील.”

“नाही घेतला तर?”

“तर पुढच्या वर्षी हातासकट नवा करू. पण मॅडम, हे कळल्यावर नुसतं फडक्याचं लिहायला माझा हात धजणार नाही.”

डॉक्टरांनी कागदाची घडी केली, उलगडली. “माझाही नाही,” त्या म्हणाल्या. मग एकदम हसल्या. “आणि मी तुम्हाला तो रकाना काढून टाका म्हणत होते!”

“तुम्ही पंख्याचा म्हणत होतात.”

“मनात सगळेच होते.”

गुरुवारी दुपारी तीनला सिस्टर कपड्यांच्या खोलीत गोषवारा घेऊन बसल्या. नावांच्या यादीत मावशींचं नाव तिसरं घालावं असं त्यांनीच काढलं होतं. डॉक्टर म्हणाल्या होत्या, माझी ना नाही, पण नियम असा आहे की ज्याचं नाव त्याला आत काय लिहिलंय ते कळलं पाहिजे आणि पटलं पाहिजे. म्हणून मावशींना वाचून दाखवणं आलं. मावशी उलट्या ठेवलेल्या टोपलीवर बसल्या, गुडघे चोळत.

सिस्टर वाचायला लागल्या. टाचवेधनपूर्व उष्णोपचार, असा पहिला अवघड शब्द आला.

“हे काय?”

“टोचायच्या आधी पाय शेकणं.”

“मग तसं लिहा की.”

“तसं लिहिलं तर दोनाचे चार शब्द होतात हो.”

“होऊ देत. मला कळायला पाहिजे ना? तुम्हीच म्हणालात.”

त्यांनी तसं लिहिलं. पुढे ‘त्वक्तापमानाचा पुनर्ह्रास’ आला. तो ‘पाय पुन्हा गार होणं’ झाला. ‘अखंड करस्पर्श’ आला. मावशी इतक्या हसल्या की बाहेरून कोणीतरी दार ढकलून पाहिलं. तिथे ‘सुई टोचेपर्यंत पाय मुठीत धरून ठेवणं’ आलं. प्रत्येक वेळी शब्द वाढत होते आणि सिस्टर प्रत्येक वेळी सुस्कारा टाकत होत्या. पण वाचताना त्यांच्याच लक्षात यायला लागलं की आता कागद ऐकू येतोय. आधी तो नुसता दिसत होता.

“सदतीस बाळांच्या बाबतीत एका अनुभवी साहाय्यिकेने, ठरलेल्या सूचनेपेक्षा वेगळं, फडकं काढल्यावर पाय हातात धरून ठेवला,” सिस्टरनी वाचलं, आणि नजर वर केली. “हे चालेल?”

“एवढंच?”

“एवढंच.”

“मला वाटलं, शिव्या घालाल.” मावशींनी मान हलवली. “चालेल. खरं आहे ते. पुढे वाचा.”

“ही बाळं इतरांपेक्षा कमी वेळ रडली. मात्र हा फरक आम्ही आधी ठरवून मोजलेला नाही. तो हातामुळे पडला की साहाय्यिकेच्या अनुभवामुळे, हे सांगण्यासाठी वेगळा अभ्यास हवा.”

“हातामुळेच पडला,” मावशी ठामपणे म्हणाल्या.

“मला माहीत आहे. पण तसं लिहिता येत नाही.”

“बरं. त्यांना विचार करू द्या.”

मोजले तर शब्द झाले दोनशे त्रेसष्ट. तेरा जास्त. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं. सिस्टरनी कागदावरून पेन्सिल वर-खाली फिरवली. कापण्यासारखं एकच वाक्य उरलं होतं, अगदी पहिलं, आणि ते सासूबाईंच्या पेन्सिलीनंतरही त्यांनी हट्टाने परत घातलेलं. ‘जगात नुकत्याच आलेल्या जिवाची पहिली ओळख सुईशी व्हावी, ही कोणत्याही परिचारिकेच्या मनाला टोचणारी गोष्ट आहे.’ ते सुचलं होतं तेव्हा त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं होतं.

“हे कसं वाटतं?” त्यांनी मावशींना ते पुन्हा वाचून दाखवलं.

“छान आहे,” मावशी म्हणाल्या. “पण हे सगळ्यांना माहीतच आहे ना?”

पंधरा शब्द होते. सिस्टरनी डोळे मिटून रेघ मारली. दोनशे अठ्ठेचाळीस.

डॉक्टरांच्या संगणकावर अर्ज भरताना शेवटची पंचाईत झाली. प्रत्येक लेखकाची पदवी निवडल्याशिवाय अर्ज पुढे सरकेना, आणि यादीत सगळ्या पदव्या होत्या, मावशींसारख्यांसाठी काही नव्हतं. चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती. डॉक्टरांनी परिषदेच्या कार्यालयाला फोन लावला. पलीकडच्या माणसाने तिसऱ्यांदा विचारलं, “पण त्या कोण आहेत?” तेव्हा डॉक्टरांनी फोन सिस्टरच्या हातात दिला. सिस्टर बोलायला लागल्या. दीड वर्षापूर्वीच्या सकाळपासून, त्या बाळापासून, दाराशी उभ्या आईपासून. डॉक्टर घड्याळाकडे पाहत हवालदिल झाल्या. पण पलीकडचा माणूस ऐकत राहिला असावा, कारण सहा मिनिटांनी तो म्हणाला, “‘इतर’ निवडा आणि समोर हवं ते लिहा, मी ती चौकट उघडून देतो. माझी मुलगी पाच दिवसांची आहे हो. काल टोचलं तिला.”

चौकटीत सिस्टरनी लिहिलं: कक्ष साहाय्यिका, एकतीस वर्षं. पाचला आठ मिनिटं असताना अर्ज गेला.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. गोषवारा स्वीकारला होता. तपासनिसांपैकी एकाने अभ्यासाच्या शिस्तीबद्दल चांगले कान उपटले होते. दुसऱ्याने लिहिलं होतं की सदतीस बाळांबद्दलची ती ओळ वाचून आपण थांबलो, आणि याबद्दल अधिक ऐकायला आवडेल. नुसता भिंतीवर तक्ता लावायचा नव्हता. व्यासपीठावरून आठ मिनिटं बोलायचं होतं.

घरी सासूबाईंनी पत्र भिंगाखाली धरून दोनदा वाचलं. “आठ मिनिटं,” त्या म्हणाल्या. “तुला?” आणि इतक्या हसल्या की पाणी द्यावं लागलं. पण त्यांनी ते पत्र कोणालाही परत दिलं नाही. आठवडाभर त्यांच्या उशाशी होतं.

परिषदेला डॉक्टर, सिस्टर आणि मावशी अशा तिघी गेल्या. सिस्टर आठ मिनिटांऐवजी साडेआठ बोलल्या, म्हणजे त्यांच्या मानाने मौनच. नंतर पहिल्या रांगेतल्या एका पांढऱ्या केसांच्या प्राध्यापकांनी विचारलं की हात म्हणजे नेमका कसा धरायचा, किती दाब द्यायचा. सिस्टरनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि मग शेजारी पाहिलं. मावशी उठल्या, व्यासपीठाच्या पायऱ्या उतरून थेट प्राध्यापकांपाशी गेल्या आणि म्हणाल्या, “हात द्या.” त्यांचा अंगठा मुठीत धरून त्या उभ्या राहिल्या. “एवढा. पिळायचं नाही. सुटूही द्यायचं नाही.” प्राध्यापक वहीत टिपायला गेले, पण लिहायचा हात मावशींकडे होता. सभागृहात हशा पिकला आणि मावशींनी वळून, यात हसण्यासारखं काय आहे, अशा नजरेने सगळ्यांकडे पाहिलं.

परत आल्यावर कक्षातला सूचनांचा कागद बदलला. नवीन कागदावर आधी सुई आणि नळी तयार ठेवा असं आलं, मग फडकं, मग हात. नवा अभ्यासही ठरला, या वेळी तीन गटांचा, आणि मावशींनी सगळ्या परिचारिकांना शिकवायचं असं डॉक्टरांनी समितीला लिहून दिलं. समितीने विचारलं, शिकवणाऱ्यांची काही मागणी आहे का. मावशींनी दोन दिवस विचार केला.

“खुर्ची,” त्या म्हणाल्या. “हात टेकायला असलेली. चौदा महिने उभी होते, आता गुडघे नाही म्हणतात.”

पुढच्या सोमवारी खुर्ची आली. निळी, मऊ पाठीची, भांडारातली सगळ्यात चांगली. सिस्टरनी ती खिडकीपाशी, पाळण्यांच्या रांगेच्या बरोबर मध्ये लावून दिली. मावशी बसल्या, पाठ टेकवून पाहिली, पुढे सरकून पाहिलं, आणि म्हणाल्या, “जमलं. पाठवा शिकायला पहिलीला.”